एकट्याने करावयाचा दूरदेशीचा प्रवास

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कोल्हापूर येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी आज्ञा अध्यक्षांनी केली, तेव्हा मी प्रथम अंग काढून घेतले. चौतीस वर्षे मी शाळेत गणित शिकविले. वक्तृत्वाचा आणि माझा संबंध फळा-खडूपुरताच. परंतु अध्यक्ष म्हणाले, "आपल्या समाजातील मुले-मुली आता एकटी परदेशी जाऊ पाहतात. पालकांना धीर होत नाही आणि मुलांना हिशेब जमत नाही. तुम्ही एकटे जाऊन आला आहात, तेवढेच सांगा." हे म्हणणे मला नाकारता आले नाही. त्याला एक जुने कारण आहे, आणि ते आधी सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९८४ साली माझ्या धाकट्या बहिणीस इंग्लंडमधील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. शुल्क माफ होते. जाण्यायेण्याचे भाडे मात्र आपले आपण भरावयाचे होते. वडील निवर्तलेले, म्हणून घरातील निर्णय माझ्याकडे. भाड्यापुरते पैसे कसेबसे उभे राहिले असते. उभी राहत नव्हती ती सोबत. "सोबत मिळाली तर जा," एवढेच मी म्हणालो. तिने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. ते पत्र तिने घडी करून ट्रंकेत ठेवले आणि पुढे तीस वर्षे याच शहरात मुलींना भूगोल शिकविला. तिने मला कधी दोष दिला नाही. म्हणूनच तो मला विसरता आलेला नाही.

बंधुभगिनींनो, "एकटी कशी जाणार?" हा प्रश्न मी ज्या गावात विचारला, त्या गावाला तो विचारण्याचा काही हक्क होता काय? गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जे पत्र धाडले, ते १८७८ साली याच कोल्हापुरातून. ज्यांना ते धाडले ते वाइल्डर हेही पूर्वी येथेच मिशन चालविणारे गृहस्थ. ते पत्र छापून आले, आणि ते वाचून न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका बाईने आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. बरोबर काही मिशनरी स्त्रिया होत्या. नात्याचे, भाषेचे माणूस एकही नव्हते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या, तेव्हा त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, म्हणजे आज आपण ज्यास सी. पी. आर. म्हणतो तेथे. क्षयाने ग्रासल्यामुळे त्यांना रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्या एकट्या गेल्या खऱ्या, पण तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराने पलीकडच्या काठावर त्यांनी एक घर आधी तयार करून ठेवले होते. एकट्याच्या प्रवासाचे हेच पहिले सूत्र आहे. एकटे जावे, अनोळखी जाऊ नये.

निवृत्तीनंतर, पासष्टाव्या वर्षी, मी स्वतः एकटा निघालो. कोठे जावे याचा फार विचार करावा लागला नाही. कोल्हापूरकरांची दोन क्षेत्रे युरोपात आहेत. एक फ्लॉरेन्स. आपले राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा प्रवास आटोपून परतत असता ३० नोव्हेंबर रोजी तेथे निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि तेथे त्यांची छत्री आहे. दुसरे क्षेत्र हेलसिंकी, जेथे २३ जुलै १९५२ रोजी राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पासपोर्टाची. त्याची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी, म्हणजे कोठेच हरकत येत नाही. युरोपातील शेंगेन करारातील देशांस एकच व्हिसा चालतो. परंतु कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. मी १२ एप्रिल २०२३ रोजी रोमला उतरलो आणि २० जून रोजी हेलसिंकीहून निघालो; म्हणजे दिवस सत्तर. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद यंत्राने बोटांचे ठसे घेऊन होऊ लागली आहे, तेव्हा एका दिवसाची चूकही आता लपत नाही. ज्या देशात अधिक दिवस राहावयाचे त्या देशाकडे अर्ज करावा. सहा महिने आधीपासून तो करता येतो. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पुष्कळ लोक त्यास कागदाची भरती समजतात. ज्या राजपुत्राच्या दिमतीस माणसे होती, त्यासही परमुलखातील आजार परतू देईना. त्या छत्रीसमोर उभा राहिलो तेव्हा विम्याचा तो कागद खिशात असल्याचे मला समाधान वाटले.

दुसरी गोष्ट विमानाच्या भाड्याची. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून परदेशी विमान नाही. मुंबई, गोवा किंवा बंगळूर गाठावेच लागते. भाडी तिन्ही ठिकाणची पाहावीत, पण घरापासून तेथवर जाण्याचा खर्च त्यांत मिळवूनच तुलना करावी. शाळांना सुट्टी लागण्यापूर्वी निघावे. आठवड्याच्या मधल्या वारांची भाडी पाहावीत. आणि ज्या शहरी उतरलो तेथूनच परतले पाहिजे असा नियम नाही: एका शहरी उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचे तिकीट एकत्र घेता येते. मी रोमला उतरून हेलसिंकीहून परतलो. तेच तिकीट रोमहून रोमचे घेतले असते, तर दोन हजारांनी स्वस्त पडले असते आणि रोमला परत येण्यासाठी त्याच्या चौपट पैसे व दोन दिवस गेले असते.

एक चूक मात्र माझ्याकडून घडली, तीही सांगतो. युरोपातल्या युरोपात जाताना अडीच हजार रुपये वाचविण्याच्या मोहाने मी दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटे जोडली. पहिले विमान तीन तास उशिरा सुटले. दुसरे माझ्यासाठी थांबले नाही. तिकिटे वेगळी असल्यामुळे दोन्ही कंपन्यांनी हात वर केले, आणि ते नियमास धरूनच होते. एकाच तिकिटावर दोन विमाने असती, तर पुढे पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीची राहिली असती. रात्र बाकावर काढली आणि सकाळी साडेअकरा हजारांचे नवे तिकीट घेतले. गणिताच्या शिक्षकाला ही बेरीज आधी करता आली नाही! म्हणून सांगतो, सुटी तिकिटे जोडावयाची असतील तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा. मुंबईसही विमानाच्या आदल्या दिवशी पोहोचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून एक दिवस मुंबईत काढणे हे विमान चुकण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. शिवाय वाटेत विमान बदलण्यासाठीही काही देशांत व्हिसा लागतो; अमेरिकेत तर लागतोच. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारे भाडे भरू नये.

तिसरी गोष्ट एकूण हिशेबाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. माझ्या सत्तर दिवसांचा सारा खर्च सव्वाचार लाख रुपये झाला. त्यात मुंबईहून जाण्यायेण्याचे विमानभाडे बासष्ट हजार, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा. आपण महिनामहिना त्या सातव्या हिश्श्यातील दोन हजार वाचविण्यासाठी झुरतो आणि उरलेल्या सहा हिश्श्यांचा विचार करीत नाही! प्रवास लांबला की भाडे दिवसांत विभागले जाते. मुक्काम आणि जेवण मात्र रोज नव्याने उभे राहते. म्हणून गावे कमी करावीत व मुक्काम लांब करावेत. आठ दिवसांचा मुक्काम पुष्कळदा दरदिवशी स्वस्त पडतो. जेथे स्वयंपाकघर वापरू देतात अशा वसतिगृहात उतरावे. तेथे वयाची अट बहुधा नसते. मी सकाळी भात टाकीत असे आणि शेजारी ब्राझीलचा एक तरुण अंडी तळीत असे. इटलीतील साध्या गाड्यांचे भाडे ठरीव असते, जलद गाड्यांचे मात्र आधी काढल्यास उतरते. साध्या गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड होतो.

पैसा दोन ठिकाणी ठेवावा: एक कार्ड अंगावर, दुसरे सामानात. दुकानातील यंत्र "रुपयांत देता की युरोत?" असे विचारते, रुपयांस भुलू नये, युरोच म्हणावे, कारण रुपयांचा तो दर आपल्या बँकेचा नसतो. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. मोबाइलची जादा बॅटरी हातातील पिशवीतच ठेवावी. मुलींसाठी विशेष सांगावयाचे तर, नव्या गावी दिवसाउजेडी पोहोचणारे विमान किंवा गाडी घ्यावी, मग ते हजार-पंधराशेने महाग असले तरी चालेल. पहिल्या दोन रात्रींची जागा घरूनच ठरवावी. ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

पालकांनीही एक करावे. मुलाकडून वा मुलीकडून एका कागदावर सारा प्रवास लिहून घ्यावा: तारखा, गाड्या, मुक्कामांचे पत्ते, आपल्या वकिलातीचा दूरध्वनी आणि पासपोर्टाची प्रत. बोलण्याची एक वेळ ठरवावी. माझी रात्री साडेनऊची होती. इटलीत तेव्हा सायंकाळचे सहा वाजत, आणि पुढे हेलसिंकीला गेल्यावर सात. दिवसातून वीस वेळा फोन करून पोराचा जीव घेऊ नये. ठरल्या वेळी एकदा बोलणे झाले की दोन्हीकडे झोप लागते.

निघण्याच्या दिवशी बहीण मला पोचवावयास स्टेशनावर आली होती. तिने शिदोरी दिली: भाजणी, लसणाची चटणी, मेतकूट आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. गाडी हलता हलता ती म्हणाली, "लाडू तुपातले नाहीत, दादा. दूध-तुपाचे काही युरोपात नेऊ देत नाहीत." मला हा नियम ठाऊक नव्हता, मी अर्ज, विमा, तिकिटे सारे वाचले होते, हे वाचले नव्हते. तिने ते केव्हा आणि कशासाठी वाचून ठेवले होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मिरज येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

आता मंडळापुढे एक विनंती. खाशाबांना १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे होते आणि पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते ऋण फेडले. त्याआधी १९२० साली, माणगावच्या परिषदेनंतर, डॉ. आंबेडकर आपले राहिलेले शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना साहाय्य केले. ही या गावची रीत आहे. सर्वांनी घर गहाण टाकावे असे मी म्हणत नाही. आपल्या शिक्षणनिधीतून दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना, त्यांत एक मुलगी असावी, प्रवासापुरती बिनव्याजी रक्कम कर्जाऊ द्यावी; परतल्यावर वा नोकरी लागल्यावर ती हप्त्याने परत यावी आणि पुढच्याच्या उपयोगी पडावी. परगावी व परदेशी असलेल्या आपल्या मंडळींची, त्यांची संमती घेऊन, एक यादी करावी, म्हणजे उतरणाऱ्यास पहिल्या दिवशी एक ओळखीचा आवाज मिळेल. आणि निघणाऱ्याचा हिशेब, तिकिटे नि कागद तपासून देण्याचे काम माझ्याकडे द्यावे. शिक्षकास तपासणीची सवय असते. निधीसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून एका तिकिटाची रक्कम मी आजच चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे.

शेवटी एकच सांगतो. येत्या उन्हाळ्यात माझी बहीण एकटी इंग्लंडला निघत आहे. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्रावर ज्या गावाचे नाव होते, ते गाव तिला पाहावयाचे आहे. प्रवासाची सारी आखणी तिने स्वतः केली आणि कागद तपासावयास माझ्याकडे दिला. मी तो दोनदा तपासला. त्यात एकही चूक नाही.