एका गाण्याचे किती धनी?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी सूतगिरणीतला कामगार. मला सूर-तालाचं शास्त्र कळत नाही. पण परवा आपल्या पोरांनी जात्यावरची जुनी ओवी गिटारवर बसवली, तेव्हा म्हाताऱ्या बायांनी नाकं मुरडली आणि पोरं रुसली. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. म्हणून आज एका परक्या गाण्याची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याने हे गाणं मला मोबाइलवर ऐकवलं. मग मी त्याच्या मागेच लागलो.

गाण्याचं नाव 'द हाउस ऑफ द रायझिंग सन'. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एक घर आहे आणि त्या घराने माणसाच्या आयुष्याची माती केली, एवढीच कथा. ते घर म्हणजे कुंटणखाना, तुरुंग की जुगाराचा अड्डा, यावर तिकडचे विद्वान अजून भांडतात. गाणं कोणी रचलं तेही ठाऊक नाही. १९३३ साली क्लॅरेन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर या दोघांनी ते तबकडीवर गायलं. पुढे १९३७ साली अ‍ॅलन लोमॅक्स नावाचा माणूस रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन केंटकी राज्यात फिरत होता. मिडल्सबरो गावी जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीने त्याला हे गाणं म्हणून दाखवलं. खाणकामगाराची मुलगी. सोबतीला वाद्य नाही, नुसता गळा. लोमॅक्सने १९४१ च्या पुस्तकात गाणं छापलं आणि तिचं नावही दिलं. हे त्याचं चांगलं काम मी आधीच नोंदवून ठेवतो.

तिच्या तोंडी हे गाणं बाईचं आहे. घसरलेली पोर सांगते, माझ्यासारखं करू नका. पुढे १९६४ साली इंग्लंडच्या न्यूकॅसलची पाच पोरं आली. बँडचं नाव 'द अ‍ॅनिमल्स'. न्यूकॅसल म्हणजे कोळशाचं आणि जहाजं बांधण्याचं शहर. त्यातला चॅस चँडलर तर जहाजाच्या गोदीत टर्नर होता, लेथवर काम करणारा. त्यांनी बाईच्या जागी पोरगा आणला. दारुड्या प्रियकराच्या जागी जुगारी बाप आला. शिवणकाम करणारी आई मात्र तशीच राहिली. जीन्स शिवणारी आई! कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ती लगेच ओळखू येते.

आता वाजवणं. हिल्टन व्हॅलेंटाइनने गिटारच्या तारा एकदम न छेडता एकेक सुटी वाजवली. तो तुकडा कानात बसतो तो उठत नाही. त्यावर अ‍ॅलन प्राइसचा ऑर्गन आणि एरिक बर्डनचा खर्जातून चढत जाणारा, पोटातून आलेला आवाज. १८ मे १९६४ रोजी लंडनला एकाच दमात रेकॉर्ड केलं. साडेचार मिनिटांचं गाणं. त्या काळी तीन मिनिटांचीच चाल होती, म्हणून अमेरिकेत ते कापून काढलं. तरी दोन्ही देशांत पहिल्या नंबरवर गेलं. मला विचाराल तर ही चोरी नव्हे. ऐकल्यावर अंगावर काटा येतो, ते त्यांचं कर्तृत्व आहे.

गाणं त्यांना कुठून मिळालं यावर त्यांचं त्यांच्यातच एकमत नाही. कोणी बॉब डिलनच्या पहिल्या तबकडीचं नाव घेतो, बर्डन एका गावठी गायकाचं. डिलनने तरी बांधणी घेतली ती डेव्ह व्हॅन रॉंक या मित्राची, तीही आधी न विचारता. पुढे लोक व्हॅन रॉंकलाच म्हणू लागले, तू डिलनची नक्कल करतोस. त्याने गाणं सोडलं. मग अ‍ॅनिमल्सची तबकडी गाजली, आणि लोक डिलनला म्हणू लागले, तू यांची नक्कल करतोस! ही गंमत व्हॅन रॉंकनेच सांगून ठेवली आहे.

पण खरी मेख तबकडीच्या लेबलावर आहे. लोकगीताला कायद्याने धनी नसतो. जो बांधणी करतो त्याचं नाव लागतं आणि त्या नावावर रॉयल्टीचा पैसा येतो. लेबलावर नाव लागलं एकट्या अ‍ॅलन प्राइसचं. पाच नावांना जागा नव्हती, असं सांगितलं जातं. गिटारचा तुकडा व्हॅलेंटाइनचा, आणि पैसा प्राइसला. बाकीच्या चौघांच्या मनातली ती सल पुढे कायम राहिली. प्राइसने १९६५ साली बँडही सोडला.

आम्ही गिरणीवाले हे जन्मभर बघतो. थानावर शिक्का गिरणीचा असतो, साच्यावर उभा राहिलेल्याचा नसतो. पण इथे चौघे निदान भांडायला होते, त्यांचं म्हणणं छापून आलं. जॉर्जिया टर्नरचं काय? लेबलावर तिच्यासाठी जागा शोधायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. १९६९ साली ती वारली, पन्नाशीही न गाठता. गाणं तिने रचलं नव्हतं, हे मान्य. तिनेही ते कुणाकडून तरी ऐकलंच असणार. पण ज्या साखळीतून गाणं न्यूकॅसलला पोचलं, त्यातली ती एक कडी होती.

तेव्हा पोरांनो, गिटार वाजवा. ड्रमही आणा. बायांनो, तुम्हीही जरा कान द्या, ओवी गिटारने बाटत नाही. फक्त पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर वादकांची नावं छापताना, ती ओवी कोणत्या आजीकडून घेतली ते तिला विचारून, तिचं नाव आधी छापा. पत्रिकेत जागा कमी पडली तर माझं भाषण गाळा.

जय भीम.