समास कापलेला नकाशा



नकाशाच्या धंद्यातल्या मित्रमैत्रिणींनो, संमेलनाच्या अध्यक्षानं प्रथेप्रमाणे आधी आढावा घ्यायचा असतो. व्हेक्टर टाइल आपल्याकडे रुळल्या, अख्खा जिल्हा एका फाइलीत मावू लागला, आणि केंद्र सरकारच्या २०२१च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर नकाशाच्या कामातली परवानग्यांची कटकट बरीच कमी झाली. आढावा इथेच थांबवतो. एक गोष्ट फार वर्षं मनात आहे, ती आज बोलायचीच आहे.

धंद्यात आलो तेव्हा मला पहिलं काम मिळालं ते टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे छापील नकाशे, स्कॅन करून जोडायचं. ४७ एफ/१४ म्हणजे पुणे, त्याच्या खालचं ४७ एफ/१५ म्हणजे सिंहगड. प्रत्येक शीट १५ कला रुंद, १५ कला उंच. नकाशा चौकोनांत कापायची, म्हणजे टाइलची, कल्पना २००५ साली गूगल मॅप्सबरोबर आली असं आपली मुलं वर्गातून शिकून येतात. मला ते पटत नाही. सर्व्हे ऑफ इंडियानं त्याच्या कितीतरी आधी देश चौकोनांत कापून त्यांना क्रमांक दिले होते. पण त्या चौकोनाला समास होता. सर्वेक्षण कोणत्या साली झालं, चुंबकीय उत्तर किती कललेली आहे, दोन समोच्च रेषांत किती मीटरचं अंतर आहे, हे सगळं तिथे छापलेलं असे. शीटं एकमेकांना जोडायची तर समास आड येतो, म्हणून आम्ही तो कापायचो. एक शीट एका दशकातलं, शेजारचं दुसऱ्या. जोड दिसला नाही की साहेब खूश.

त्या कापलेल्या समासाबरोबर नकाशाचं वय गेलं, आणि ते आपण अजून परत आणलेलं नाही. ही माझी तक्रार आहे.

आजची चित्र-टाइल सहसा २५६ गुणिले २५६ पिक्सेलची. झूम एक पायरी वाढला की एका टाइलच्या चार होतात. नुसत्या महाराष्ट्राचा हिशेब केला तर सोळाव्या पातळीवर नऊ लाखांच्या वर आणि अठराव्या पातळीवर दीड कोटीच्या घरात जातो. इतक्या टाइल एका दिवसात बनत नाहीत. काही आज बनतात, काही दोन वर्षांपूर्वीच्या कॅशमधून तशाच उचलल्या जातात. पडद्यावर सगळ्या एकाच रंगात शेजारी शेजारी बसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, हा आजचा नकाशा.

२०१९चा ऑगस्ट. कृष्णेला पूर आला होता, मी एका तालुक्याच्या कचेरीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. टॉवर बंद, इंटरनेट नाही. सकाळच्या सत्रात आपले एक तरुण मित्र म्हणाले की डेस्कटॉपचे दिवस संपले, सगळं सर्व्हरवर ठेवा. त्यांना त्या खोलीत न्यायला हवं होतं. डिस्कवर टाइल होत्या म्हणून आम्हाला निदान नकाशा दिसत होता. टाइलची फाइल मात्र दोन खेपांत भरलेली होती: चौदाव्या पातळीपर्यंतच्या टाइल जुन्या, पुढच्या ताज्या. जुन्या टाइलवर ओढ्यावरचा फरशी पूल होता. ताज्यांवर तो नव्हता, नवा पूल तिथून दीड किलोमीटर वर होता. सगळा परिसर एका कागदावर यावा म्हणून मी चौदाव्या पातळीचा प्रिंट काढला आणि टेम्पोवाल्याच्या हातात दिला. पलीकडच्या वस्तीत इन्सुलिनची पेटी अडीच तास उशिरा पोचली. टेम्पोवाला परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "साहेब, तिथं पूलच नाही."

रास्टर, म्हणजे तयार चित्रांच्या टाइल बऱ्या, की व्हेक्टर, म्हणजे रेषा-बिंदूंच्या, यावर काल रात्री जेवताना वाद रंगला. त्या दिवशी व्हेक्टर टाइल असत्या तरी त्यांनी तोच पूल जास्त रेखीव दाखवला असता. टाइल फोल्डरमध्ये ठेवायच्या की एकाच फाइलीत, हा वाद तर मी कधीच सोडून दिला. लाखो सुट्या फाइली पेनड्राइव्हवर उतरताना ज्यानं रात्र काढली आहे, तो सगळ्या टाइल एकाच फाइलीत ठेवणारं एमबीटाइल्सच घेईल. पण त्या एमबीटाइल्सच्या टाइल-तक्त्यात रकाने चारच: झूम, स्तंभ, ओळ आणि चित्र. पाचवा रकाना तारखेचा नाही. सर्व्हर तारीख पाठवतो, असं मला सांगतात. ती चित्र बनल्याची तारीख. जमीन कोणी, केव्हा पाहिली, ते तिच्यातून कळत नाही. तारखा घातल्या तर फाइल फुगेल, असंही सांगतात. टाइलमागे चार बाइट धरा: दीड कोटी टाइलना साठ एमबी. एवढ्यासाठी आपण नकाशाचं वय लपवायचं?

काय करायचं? पाचवा रकाना घालू. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरसाठी एखादं प्लगइन करता येईल, जुन्या टाइलवर फिकट छटा चढवणारं, आणि प्रिंटच्या खाली त्यातल्या सर्वांत जुन्या टाइलचं साल आपोआप छापणारं. चार-पाच जण बसू, दिवाळीनंतर कधीतरी. कोणी काय लिहायचं ते तेव्हा ठरवू. जुनी शीटं ज्यांच्याकडे समासासकट स्कॅन केलेली आहेत, त्यांनी ती कृपा करून जपून ठेवा.

तो प्रिंट टेम्पोवाल्यानं मला परत दिला होता. घडीवर ओल चढलेली आहे, पण फरशी पूल स्पष्ट दिसतो. बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. चहाला जाताना पाहा, आणि तो पूल कोणत्या सालचा ते कागदावर कुठे सापडतं का, मला सांगा.