ढाल, कागद आणि काच

पांढुर्णा स्थानक ज्या इटारसी-नागपूर लोहमार्गावर आहे, तो मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘जीआयपी’चा होता. जीआयपीचे मुख्यालय मुंबईत बोरीबंदरला, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या वास्तूत होते. आजच्या या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखाली रंगीत काचांच्या खिडक्या आहेत आणि कंपनीची चिन्हे व आद्याक्षरे सजावटीत गुंफलेली आहेत. युरोपातील सरदार घराण्यांच्या कुलचिन्हांची चित्रभाषा अशी रेल्वे कंपनीनेही आपली मानली होती.

युरोपात बाराव्या शतकापासून सरदार आपली ओळख ढालीवर रंगवू लागले. त्या कुलचिन्हांतून पुढे एक शास्त्र घडले. सोनेरी व रुपेरी हे ‘धातू’ आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’ मानून, धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवू नये असा नियम झाला, कारण चिन्ह दुरूनही स्पष्ट ओळखता आले पाहिजे.

हे चिन्ह काचेत उतरवण्यासाठी आधी लहान रंगीत आराखडा आणि मग खिडकीच्या मापाचे पूर्णाकृती रेखाचित्र काढतात. या रेखाचित्राला ‘कार्टून’ म्हणतात. शब्दाचा विनोदी अर्थ बराच नंतरचा आहे. या रेखाचित्रात काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्याही आखलेल्या असतात. रंग बदलला की साधारणपणे तुकडा बदलतो आणि मध्ये काळी पट्टी येते. लाल ढालीवरचा सोनेरी सिंह असा कापत गेल्यास त्याची नखे आणि आयाळ पट्ट्यांतच हरवतील. म्हणून रंगहीन काचेवर लाल काचेचा पातळ थर असलेला तुकडा घेऊन सिंहाच्या आकारापुरता लाल थर खरवडतात, उघड्या जागी चांदीच्या क्षाराचा लेप देऊन काच भट्टीत तापवतात, आणि तेथे पारदर्शक पिवळा रंग उमटतो. लाल आणि सोनेरी असे एकाच तुकड्यात, पट्टीविना, शेजारी येतात.

त्यामुळे रेखाटणाऱ्याला ढालीचे नियम, शिशाची जाडी आणि भट्टीचा स्वभाव हे तिन्ही कागदावरच जाणावे लागतात. तेथे चुकलेली रेघ खिडकी टिकेल तोवर चुकीच्याच जागी राहते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कुलचिन्ह कळू शकत असे, आणि वऱ्हाड-सातपुड्याच्या गावांतून प्रथमच आगगाडीत बसणाऱ्या असंख्य निरक्षर प्रवाशांच्या काळात ते रेल्वेलाही तितकेच साजेसे होते.