मृत्यूविषयी मुलांना काय सांगावे?



प्राचीन इजिप्तचा धडा निघाला की वर्गात एक गोष्ट हमखास घडते. ममीचे नाव काढताच मुले आधी दचकतात आणि मग हसतात. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना प्रेत दाखवतो, त्यामागची माया दाखवीत नाही.

म्हणून मी आरंभ आपल्या दारापासून करतो. जुन्या कायगावाजवळ गोदावरीला प्रवरा मिळते. त्याच प्रवरेच्या काठी नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ साली उत्खनन सुरू केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीचे कुंभ निघाले. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत लहान मुलांच्या अस्थी! एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. गेलेले लेकरू घराबाहेर ठेवायला आईचा जीव धजला नसेल, असे मला वाटते.

एवढे सांगितले की मुले हसत नाहीत. मग खुशाल इजिप्तला जावे. १९२२ साली तूतनखामेनची कबर सापडली. तिच्यातले सोने सर्वांना ठाऊक आहे. पण तिथेच दोन इवल्या शवपेट्याही होत्या. त्यांत जगू न शकलेली दोन अर्भके होती, बहुधा राजाच्याच मुली.

तेथे देह खारात सुकवून कापडात गुंडाळीत; या साऱ्या विधीला सुमारे सत्तर दिवस लागत. आतडी, यकृत वगैरे काढून वेगळी ठेवीत, हृदय मात्र देहातच राही. कारण परलोकी तराजूच्या एका पारड्यात ते हृदय आणि दुसऱ्यात सत्याचे पीस ठेवले जाते, अशी त्यांची श्रद्धा होती. मी मुलांना विचारतो, "हृदय कशाने जड होते रे?" उत्तरे येतात: खोटे बोलल्याने, चोरी केल्याने.

एकदा एका मुलाने मलाच विचारले, "गुरुजी, आजी गावाला गेली म्हणतात. मग दहाव्याला नदीवर तिच्यासाठी भात का ठेवला?"

मी फळा पुसू लागलो. माझे पारडे त्या दिवशी खाली गेले.

परलोक आहे की नाही, हे मुलांना सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण आजी वारली, ती परत येणार नाही, आणि भात ठेवला तो तिच्यावरील मायेने, इतके खरे तरी आपण त्यांना सांगू या.