उपडी टोपली



आमच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की मासळी टोपल्यांत भरून बाजारात जाते. संध्याकाळी त्याच टोपल्या घरी येतात, धुतल्या जातात. दर खेपेला नवी टोपली विकत घेणारी कोळीण मी तरी पाहिलेली नाही. संगणकाचे प्रोग्राम मात्र सर्रास तसेच वागतात, आणि ते लिहिणे हा माझा पोटापाण्याचा धंदा.

तुम्ही मोबाइलवर विजेचे बिल मागता. दूरच्या संगणकावरचा प्रोग्राम ते जुळवायला मेमरीत थोडी जागा मागून घेतो. तिला बफर म्हणतात. बिल रवाना झाले की जागा टाकून दिली जाते. ती गोळा करायला ‘जावा’, ‘गो’ अशा भाषांत एक झाडूवाला असतो म्हणा ना. सेकंदाला हजारो मागण्या आल्या की त्याच्या झाडलोटीपायी मूळ काम रखडते. उपाय टोपलीचाच. वापरलेले बफर साठ्यात ठेवायचे, पुढच्या मागणीला तेच द्यायचे. ‘गो’मध्ये २०१४ पासून ‘सिंक पूल’ नावाची तशी तयार सोय आहे. मात्र घोळ माशासाठी आणलेली अवाढव्य टोपली रोज ओटीवर कोण ठेवील? ‘गो’ची मजकूर जुळवणारी स्वतःची यंत्रणाही ६४ किलोबाइटपेक्षा फुगलेला बफर साठ्यात परत घेत नाही.

मीही हौसेने असा साठा केला. चाचणीत सारे उत्तम. प्रत्यक्षात एका ग्राहकाच्या बिलात दुसऱ्याचे नाव आणि पत्ता उमटला! बिल पुरते रवाना होण्याआधीच मी बफर साठ्यात टाकला होता. दुसऱ्या मागणीने तो उचलून त्यावर आपला मजकूर लिहिला. चाचणीत एका वेळी एकच मागणी होती, म्हणून कळले नाही. परक्याचा पत्ता भलत्याच्या हाती गेला, आणि तो काही परत घेता येत नाही. ती रात्र मी जागून काढली.

आईला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, “टोपली उपडी केली होतीस का?” आमच्याकडे उपडी दिसली तरच टोपली रिकामी समजतात. भरलेली, अर्धी, कुणी हात लावत नाही.

आता माझ्या प्रोग्राममध्ये बफर परत ठेवणारी ओळ एकाच ठिकाणी आहे, रवानगी पूर्ण झाल्याची खूण मिळाल्यानंतर. त्या ओळीशेजारी मी मराठीत शेरा लिहिला आहे: ‘उपडी’. कचेरीतले सहकारी अर्थ विचारतात.