गाव नसलेल्यांचे संमेलन



यंदाचे साहित्य संमेलन कोठे भरवायचे, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चेला वर्षभर पुरेल इतका मजकूर मिळतो. निमंत्रणे येतात, स्थळनिवड समिती पाहणी करून जाते, आणि ज्या गावाच्या वाट्याला संमेलन येत नाही तेथील मंडळींचा रुसवा लवकर निघत नाही. २०१५ साली संमेलन पंजाबातील घुमानला भरले, तेव्हा एवढ्या दूर जायचे कोणी, असे पुष्कळांनी विचारले. तरी नामदेवांच्या नावाने माणसे गेलीच. पण आपल्याला निदान एक मुलूख आहे. ज्यांना मुलूखच नाही, ज्यांची सारी ओळखदेख संगणकाच्या पडद्यावर झाली, त्यांनी एकदा समोरासमोर भेटायचे ठरविले, तर कोणत्या गावी भेटावे?

प्रश्न काल्पनिक नाही. विकिपीडिया हा ज्ञानकोश आपल्यापैकी बहुतेकांनी चाळलेला असेल. तीनशेहून अधिक भाषांत तो लिहिला जातो, मराठीत २००३ पासून. आणि लिहिणारे बिनपगारी असतात. या मंडळींचा ‘विकिमेनिया’ नावाचा मेळावा २००५ साली प्रथम जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे एका युवक-वसतिगृहात भरला. त्यानंतर तो खंडोखंडी फिरत राहिला.

आरंभीच्या वर्षांत स्थळ ठरविण्याची रीत आपल्या ओळखीचीच होती. त्या त्या शहरातील स्वयंसेवक प्रस्ताव धाडीत आणि एक पंचमंडळ ते तपासून पाही. सभागृह केवढे, मुक्कामाचा खर्च किती, विमानतळ किती लांब, हे प्रश्न कोणालाही सुचतील. त्यांत आणखी एक प्रश्न असे, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो: तुमच्या गावात मांडव घालायला माणसे किती?

या प्रश्नाचे सामर्थ्य पाहायचे असेल तर २०१६ सालच्या निवडीकडे पाहावे. त्या वर्षी मान मिळाला तो इटलीतील एझिनो लारिओ या खेड्याला. खेडेच म्हणायचे! कोमो सरोवराच्या वर डोंगरात वसलेले, वस्ती साडेसातशेच्या आसपास. आगगाडी खाली सरोवराच्या काठापर्यंत. पुढे वळणावळणाच्या घाटाने वर चढायचे. आदल्या दोन वर्षांत हाच मेळावा लंडन आणि मेक्सिको सिटी या महानगरांत भरला होता. एझिनोत एवढी माणसे एका छपराखाली बसतील असे सभागृह कोठून असणार? बैठका गावभर विखुरल्या आणि पाहुण्यांपैकी कित्येक गावकऱ्यांच्या घरी उतरले. वस्तीपेक्षा पाहुणे जास्त, हा अनुभव आपल्याकडे जत्रेच्या गावांना आहे. तेथेही तसेच झाले. गैरसोय झाली नसेल असे कोण म्हणेल? पण यजमान एखादी हॉटेल-कंपनी नव्हती, गाव होते. माझे मत विचाराल तर ती निवड धाडसाची होती आणि योग्य होती.

मात्र चांगला यजमान मिळाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. २००८ साली मेळावा ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयात भरला. ज्ञानकोशकारांना याहून शोभेसे स्थान कोणते? परंतु आदल्याच वर्षी त्या देशाने एका तरुणाला केवळ त्याच्या लिखाणाबद्दल चार वर्षांची शिक्षा ठोठावली होती, आणि अशा ठिकाणी जाऊच नये, असा सूर काहींनी लावला. २०११ साली इस्रायलमधील हैफा निवडले गेले; लेबनॉनच्या कायद्याने त्याच्या नागरिकाला तेथे पाऊल टाकता येत नाही. म्हणजे गाव ठरले त्याच क्षणी काही माणसे गळली. त्यांचा दोष काय, तर पासपोर्ट कोणता, एवढाच! पडद्यावर सारे सारखे असतात. एकत्र भेटायचे म्हटले की कोण कोठला हे आधी ठरते.

मग भेटूच नये काय? हाही प्रयोग नाइलाजाने होऊन गेला. २०२० साली बँकॉकचा बेत महामारीने हाणून पाडला आणि २०२१ व २०२२ चे मेळावे संगणकावर झाले. त्यात व्हिसा लागला नाही, तिकीट लागले नाही. तरी संधी मिळताच २०२३ साली मंडळी सिंगापूरला जमली. एखाद्या नोंदीवरून आठ आठ दिवस वाद घालणारी दोन माणसे एका टेबलाशी चहाला बसली की वादाचा रंग पालटतो. हे संमेलनाला जाणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको.

म्हणून स्थळ निवडणाऱ्यांनी प्रश्नांचा क्रम बदलावा, असे मला वाटते. सभागृहाचे भाडे मागाहून विचारावे. आधी विचारावे: तुमच्या दारातून आमच्यापैकी कोणाला परत पाठविले जाईल? केनियाने २०२४ च्या आरंभी व्हिसाची जुनी पद्धत मोडून घरबसल्या आगाऊ परवानगी घेण्याची सोय केली, आणि २०२५ चा मेळावा नैरोबीत भरला. २०२६ साठी निवड झाली ती पॅरिसची. पॅरिसच्या सभागृहांविषयी कोणाला शंका नाही. पण लागोस, ढाका किंवा आपल्या सोलापूरच्या लेखकाला तेथे जायचे तर बँकेचा उतारा, विम्याचा कागद, निमंत्रणपत्र, परतीच्या प्रवासाचा पुरावा, एवढे सगळे गोळा करून व्हिसाच्या उत्तराची वाट पाहावी लागते. आणि ते उत्तर नकाराचे आले, तर ते देणारा अधिकारी स्थळनिवड समितीच्या बैठकीला कधीच हजर नसतो.