नवं जनावर, अनोळखी हिरवळ

दुधात घालायचं केशर आणि लग्नाच्या स्टेजवरची ग्लॅडिओलसची फुलं, दोन्ही एकाच कुळातली. त्याच कुळातलं एक रानफूल आज आपण पाहू. ते आपल्याकडं उगवत नाही, पण त्याची गोष्ट आपल्या गोठ्याच्या कामाची आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं हे फूल. तिथं त्याला ‘टल्प’ म्हणतात. जमिनीत छोटा कंद, वर पट्टीसारखं लांब पान आणि नारिंगी-गुलाबी फुलं. दिसायला गोड, पण अंगी विष. ते हृदयावर जातं. खाल्लेल्या जनावराचं पोट फुगतं, हगवण लागते, मागचे पाय लटपटतात, जीवही जातो. वाळलं तरी विष उतरत नाही, त्यामुळं सुक्या वैरणीतूनही बाधतं.

मग तिथली सगळी गुरं मरतात का? नाही. त्याच रानात वाढलेली गुरं बहुतेक वेळा त्याला तोंड लावत नाहीत. फसतात ती बाहेरगावाहून आणलेली, भुकेली गुरं. त्यात इतर चारा कमी असताना टल्प हिरवागार असतो.

१९व्या शतकात हेच फूल बागेसाठी ऑस्ट्रेलियात नेलं. तिथं ते कुंपणाबाहेर पडून कुरणांत पसरलं. काही कंद जमिनीत वर्षानुवर्षं निजून राहतात, म्हणून एकदा उपटून ते संपत नाही. आपली घाणेरीसुद्धा अशीच शोभेसाठी परदेशातून आली, आणि तीही गुरांना विषारी आहे.

आपल्या गटातल्या कितीजणी कर्ज काढून शेळी-गाय घेतात! बाजारातून आणलेलं जनावर थकलेलं, उपाशी असतं. त्याला आधी पाणी आणि ओळखीची वैरण द्या. उपाशीपोटी रानात सोडू नका. पहिले काही दिवस स्वतः सोबत राहून चारा. पेंढी सोडताना अनोळखी पाला बाजूला काढा.

जनावर लटपटलं, तर त्याला पळवू नका. सावलीत शांत ठेवा, लगेच गुरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि जे खाल्लं असेल त्याची फांदी त्यांना दाखवा.

आणि एक काम गटानं करायचं. आपल्या शिवारातली गुरं कोणता पाला टाळतात, हे गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या मावश्यांना विचारा. पुढच्या बैठकीत ती नावं वहीत लिहून घ्या. नवी शेळी दारात यायच्या आधी ही यादी तयार हवी.